तीन घनमीटर धूर

चैत्र सरत आला की कर्जत तालुक्यातल्या आमच्या पोशिरात राब भाजायला सुरुवात होते. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर कवळ, म्हणजे ऐन-किंजळाच्या छाटून वाळवलेल्या डहाळ्या, त्यावर पाचोळा, वर गवत आणि सगळ्यावर चुरलेल्या मातीचा पातळ थर. वारा कुठून येतोय ते पाहायचं आणि तो जिकडे जातोय त्या टोकाला काडी लावायची. मग जाळ वाऱ्याला तोंड देत मागे मागे सरकतो. तो सरसर पळत नाही, बुडाशी धुमसतो आणि जमीन भाजून काढतो. संध्याकाळी नदीकाठापासून वाड्यांपर्यंत धुराचे पट्टे पडलेले असतात.

त्या धुराची पारख आमच्या घरात आजी करायची. पांढरा, दाट धूर आला की पाचोळा ओला राहिलाय. निळसर, विरळ आला की राब नीट बसलाय. आणि घशाशी आंबट-तिखट चरचर झाली की ती हातातलं काम टाकून बांधावर जायची, कारण कुणीतरी थरात खताची रिकामी पोती नाहीतर वायरीची आवरणं घुसडलेली असायची. तिच्याकडे दोनच साधनं होती, डोळा आणि नाक. राबासाठी ती पुरेशी होती.

माथेरानच्या डोंगरापलीकडे, याच रायगड जिल्ह्यात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचा घातक कचरा जाळण्याची सामायिक भट्टी आहे. अशा भट्टीच्या चिमणीकडे पाहून आजीला काहीच सांगता आलं नसतं. चांगल्या चाललेल्या चिमणीतून बहुधा पाण्याची वाफच दिसते. ज्या पदार्थांची भीती बाळगायची ते दिसत नाहीत, आणि जेवढ्या प्रमाणात ते असतात तेवढ्यात त्यांचा वासही येत नाही. ते मोजायचे तर चिमणीतला थोडा धूर पकडून, गोठवून, धुऊन, पिळून त्यातून आकडा काढावा लागतो. ती कला एका दिवसात जन्मली नाही, आणि तिच्या वंशावळीत आमच्या कर्जत-खालापूर तालुक्यांचंही नाव आहे.

काळ्या रेघांचा कागद

धूर मोजण्याचं पहिलं साधन छापील कागद होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या काढल्या. पहिल्या जाळीत एक पंचमांश भाग काळा, दुसरीत दोन पंचमांश, असं करत पूर्ण काळ्यापर्यंत. हा कागद काही अंतरावर धरला की रेघा डोळ्यांत मिसळून राखाडी छटा दिसते. ती छटा चिमणीच्या धुराशी जुळवायची आणि धूर किती नंबरचा ते लिहायचं. आजीच्या डोळ्याला दिलेली ही मोजपट्टीच.

मुंबईत त्या काळी गिरण्या दगडी कोळशावर चालत. १९१२ मध्ये मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. पण गिरणगावाच्या आभाळाला कायद्याइतकाच आधार मिळाला तो सह्याद्रीच्या पाण्याचा. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतली जलविद्युत योजना त्यांच्या मागे उभी राहिली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या माथ्यावर अडवलेलं पाणी नळांतून घाटाखाली कोसळायचं आणि मुंबईतल्या गिरण्यांचे चाते फिरायचे. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं. खोपोली खालापुरात, भिवपुरी कर्जतात. महानगराचा काळा धूर जो काही कमी झाला, त्यात आमच्या डोंगरांचा वाटा आहे. आता पोशीर नदीवरच्या धरणालाही २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आहे आणि तेही पाणी महानगर प्रदेशाची तहान भागवण्यासाठीच जायचं आहे.

खोपोलीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पाताळगंगेला बारमाही वाहतं ठेवतं. बारमाही पाणी, जवळ मुंबई आणि जवळ बंदर म्हटल्यावर कारखाने आलेच. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रकल्प पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला आणि त्या परिसराचं नावच रसायनी पडलं. नायट्रोबेंझिन, ॲनिलिन अशी रंग, औषधं आणि रबर यांच्या उद्योगांना लागणारी मूळ रसायनं तिथे तयार होत. इथे धुराच्या गोष्टीने वळण घेतलं. बेंझिनच्या कुळातल्या कचऱ्याचा धोका रिंगेलमानच्या कागदावर उमटत नाही. ज्या पाण्याने दिसणारा धूर घालवला, त्याच पाण्याच्या काठी न दिसणाऱ्या धुराचा प्रश्न येऊन बसला.

राखेतला पाहुणा

त्या न दिसणाऱ्यांत सर्वांत बदनाम नाव डायॉक्सिनचं. हे कुणी विकण्यासाठी बनवत नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि क्लोरिन एकत्र जळताना ते आपोआप घडतं. या कुळातला एक भाऊ १८७२ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाला होता, पण त्याचं पुढे काय करायचं हे कुणाला सुचलं नव्हतं. १९५० च्या दशकात हॅम्बर्गच्या एका कारखान्यात तणनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या चेहऱ्यावर न भरणारे पुरळ उठू लागले. १९५७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी त्यामागचा पदार्थ ओळखला. १० जुलै १९७६ रोजी इटलीत सेवेसो गावाशेजारच्या कारखान्यातून त्याचा ढग सुटला आणि डायॉक्सिन हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला.

तोवर समजूत अशी होती की हे रासायनिक कारखान्यांचं दुखणं आहे. १९७७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या केस ओली, फर्म्युलेन आणि ओटो हुत्सिंगर या तिघांनी नेदरलँड्समधल्या साध्या नगर कचरा भट्ट्यांची राख आणि धूर तपासला. त्यात डायॉक्सिन आणि त्याचं सख्खं भावंड फ्युरान सापडलं. सेवेसोच्या कारखान्याशी काहीही संबंध नसलेल्या, घरोघरचा कचरा जाळणाऱ्या भट्टीत! माझ्या मते या साऱ्या मागोव्यातलं हे सर्वांत महत्त्वाचं पान आहे. आगीत टाकलं तेवढंच बाहेर येतं असं नाही, आग नवीनही घडवते, हे त्या दिवशी कळलं.

कसं घडवते तेही पुढे उलगडलं. भट्टीच्या पोटात, हजार अंशांच्या वर, हे रेणू टिकत नाहीत. धोका असतो धूर थंड होताना. २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात तो रेंगाळला, तर उडत्या राखेवरचा कार्बन, क्लोरिन आणि तांब्यासारख्या धातूंचे कण मिळून डायॉक्सिन नव्याने जुळवतात. म्हणून चांगल्या भट्टीत दोन गोष्टी पाळतात. दुसऱ्या कक्षात सुमारे ११०० अंशांवर धूर निदान दोन सेकंद ठेवायचा. नंतर पाण्याच्या फवाऱ्याने त्याला क्षणात थंड करायचं, त्या पट्ट्यातून धावत पार करायचं. त्यापुढे चुना, सक्रिय कोळशाची पूड आणि कापडी पिशव्यांचे गाळणे. कोळसा डायॉक्सिन धरून ठेवतो, पण त्याचा नाश करत नाही. ते धुरातून राखेत जातं आणि म्हणून ती राखही बंदिस्त भूभरावातच पुरावी लागते.

नदी, खाण, दूध आणि पान

आता तो धूर पकडायचा कसा? या कामाला लागणाऱ्या साखळीला या धंद्यातली माणसं ‘ट्रेन’ म्हणतात. चिमणीच्या पोर्टपासून पंपापर्यंत एकामागे एक जोडलेले डबे. प्रत्येक डबा वेगळ्या काळातून, वेगळ्या कामातून आलाय.

सर्वांत पुढे वाकडं नॉझल आणि त्याला बांधलेली पिटो नळी. ही नळी १७३२ मध्ये ऑन्री पिटो या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये सीन नदीचा वेग मोजायला पाण्यात धरली होती. चिमणीतही तिचं काम तेच, वाहत्याचा वेग सांगणं. धूर ज्या वेगाने वर चाललाय नेमक्या त्याच वेगाने तो नॉझलमध्ये ओढायला हवा. जास्त जोराने ओढला किंवा कमी जोराने, तर जड कण आणि हवा यांचं प्रमाण बिघडतं आणि पुढचा सगळा आकडा खोटा ठरतो. पोशीरच्या पुरात बादली धरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. बादली कशी धरली यावर गाळ किती येतो ते ठरतं.

नॉझलमागे काचेचं अस्तर असलेला, सुमारे १२० अंशांवर तापवलेला प्रोब. मग त्याच उष्णतेतला गाळणीचा कागद. इथवरची रचना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये धुळीसाठी ठरवलेल्या पाचव्या पद्धतीची. धूळ कागदावर अडते, पण सेंद्रिय वाफा त्यातून निघून जातात. म्हणून १९८० च्या सुमारास त्या ट्रेनमध्ये नवे डबे जोडले गेले. कागदापुढे बर्फाच्या पाण्याने गार ठेवलेलं काचेचं वेटोळं आलं. त्यापुढे एका कुपीत एक्सएडी-२ नावाचे पांढरे रेझिनचे दाणे आले. साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे दिसणारे हे दाणे आतून सच्छिद्र असतात. धूर २० अंशांखाली गार होऊन त्यातून गेला की जड सेंद्रिय रेणू तिथेच चिकटतात. पुढे बर्फात उभ्या काचेच्या बाटल्या, इंपिंजर. त्यांचं मूळ १९२० च्या दशकातल्या अमेरिकन खाणींत आहे. खाणकामगारांच्या छातीत काय जातंय ते कळावं म्हणून ग्रीनबर्ग आणि स्मिथ यांनी त्या घडवल्या. शेवटी सिलिका जेल, मीटर आणि पंप.

लवकर उडून जाणारे पदार्थ, बेंझिन किंवा कार्बन टेट्राक्लोराईडसारखे, या दाण्यांवरही नीट ठरत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी छोटी ट्रेन आली. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, त्यांत टेनॅक्स नावाच्या पॉलिमरची भुकटी, मागच्या नळीत टेनॅक्सबरोबर कोळसाही. मिनिटाला एक लिटर अशा संथ वेगाने २० मिनिटांत २० लिटर धूर ओढायचा, नळ्यांची टोकं बंद करायची आणि बर्फात घालायच्या. आणखी एक नळी चिमणीपर्यंत न्यायची, क्षणभर उघडायची, धूर न ओढता परत बंद करायची. हिला ब्लँक म्हणतात. प्रयोगशाळेत या रिकाम्या नळीतही बेंझिन निघालं, तर ते चिमणीतलं नाही. खाली उभ्या गाडीच्या पेट्रोलचं असेल, कुणाच्या हाताला लागलेलं असेल. जाणती माणसं नळ्यांची पेटी गाडीच्या डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी कधी ठेवत नाहीत.

हे सगळं तीस मीटर किंवा त्याहून उंच चिमणीच्या लोखंडी फळीवर करायचं असतं. बर्फाच्या गोण्या दोराने वर ओढायच्या. पाय चटकतात, वारा ट्रेन हलवतो. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर लीक चेक. एखाद्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरत असेल तर मीटर ती हवाही धूर म्हणून मोजतं आणि प्रदूषण आहे त्याहून कमी दिसतं. मग तीन-चार तास नजर मीटरवर. डायॉक्सिनसाठी एवढ्या वेळात साधारण तीन घनमीटर धूर ओढला जातो. तीन मोठ्या लोखंडी कपाटांत मावेल एवढा.

खाली उतरल्यावर गोष्ट दुधाकडे जाते. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये स्निग्धांश काढण्यासाठी काचेचं एक उपकरण घडवलं. तो दुधावर काम करायचा. खाली द्राव उकळतो, वर वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने नमुन्यावर पडते, भांडं भरलं की सगळं आपोआप खाली सांडतं, पुन्हा तेच चक्र. आजही रेझिनचे दाणे आणि गाळणीचा कागद याच उपकरणात टोल्युइनने तासन्‌तास धुतात. मग गोष्ट पानाकडे जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिरव्या पानांचा अर्क खडूच्या भुकटीतून खाली सोडला आणि त्यातले रंग वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे झाले. त्याला त्याने क्रोमॅटोग्राफी म्हटलं. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी द्रवाऐवजी वायू वापरून तीच युक्ती केली. त्यापुढे रेणू वजनाने ओळखणारा वस्तुमान वर्णपटमापक जोडला आणि डायॉक्सिनची भावंडं एकेक करून ओळखू येऊ लागली.

एकंदर २१० भावंडं, ७५ डायॉक्सिन आणि १३५ फ्युरान. त्यांतली १७ खरी विषारी. सर्वांत जहाल जे, त्याचं विषारीपण १ धरतात आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत अपूर्णांक देतात. प्रत्येकाचं प्रमाण त्याच्या अपूर्णांकाने गुणून बेरीज केली की जो आकडा येतो तो ‘विषारीपणाचा समतुल्य’. अहवालात टीईक्यू म्हणून छापला जातो तो हाच.

०.१ कुठून आला

भारतात २६ जून २००८ च्या अधिसूचनेने सामायिक घातक कचरा भट्टीच्या धुरावर मर्यादा घातल्या. धूळ प्रति घनमीटर ५० मिलिग्रॅम, हायड्रोजन क्लोराईड ५०, एकूण सेंद्रिय कार्बन २०, पारा ०.०५. आणि डायॉक्सिन-फ्युरान ०.१ नॅनोग्रॅम टीईक्यू.

या ०.१ चीही वंशावळ आहे. १९९० मध्ये जर्मनीने आपल्या कचरा भट्ट्यांना हा आकडा घातला. १९९४ मध्ये युरोपीय संघाने घातक कचऱ्याच्या भट्ट्यांसाठी तोच घेतला. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, भारताने तो जानेवारी २००६ मध्ये मान्य केला आणि दोन वर्षांनी ०.१ आपल्या राजपत्रात आला. २०१६ मध्ये रुग्णालयांच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्यांनाही तो लागू झाला.

एवढं म्हणजे किती? मर्यादेवर चालणाऱ्या भट्टीचा तीन घनमीटर धूर पकडला तर ट्रेनमध्ये ०.३ नॅनोग्रॅम टीईक्यू सापडेल. मिठाचा बारीक दाणा साधारण ६० हजार नॅनोग्रॅमचा असतो. त्या दाण्याचे दोन लाख भाग करा, त्यातला एक. सीन नदी, खाण, दूध आणि पान यांचा सगळा वारसा या एका भागासाठी कामाला लागतो.

जोडीला आणखी एक कसोटी आहे, ती अमेरिकेच्या १९८१ च्या नियमांतून आली. नवी भट्टी चाचणीला घेताना जाळायला कठीण असा एखादा पदार्थ मोजून आत टाकायचा आणि चिमणीतून त्यातला किती निघतो ते पाहायचं. ९९.९९ टक्के नष्ट व्हायला हवा, म्हणजे १०० किलो टाकला तर १० ग्रॅमपेक्षा जास्त सुटता कामा नये. ही आत-बाहेरची बेरीज-वजाबाकी प्रामाणिक आहे. पण ॲमस्टरडॅमने शिकवलेला धडा तिच्यात मावत नाही. टाकलेलं संपलं, याने नवीन काय घडलं ते कळत नाही. म्हणून दोन्ही मोजावी लागतात.

न्हावा शेवा, बोरखेडी, पिथमपूर

आपल्याकडे ही पद्धत कायद्याच्या पुस्तकातून आली, पण तिला धार आली न्यायालयांत. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या कचऱ्यावर जनहित याचिका दाखल झाली आणि न्यायालयाने प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच खटल्यात आमच्या जिल्ह्यातलं न्हावा शेवा बंदर पुढे आलं. वंगण तेल म्हणून आयात झालेले १३३ कंटेनर तिथे पडून होते आणि त्यांत निघालं घातक टाकाऊ तेल. ५ जानेवारी २००५ रोजी न्यायालयाने ते देखरेखीखाली जाळून नष्ट करण्याचा आणि खर्च आयातदारांकडून घेण्याचा आदेश दिला. ‘जाळून टाका’ या दोन शब्दांमागे किती तापमान, किती सेकंद आणि कोण मोजणार, हे प्रश्न तेव्हापासून आपले झाले.

भोपाळच्या युनियन कार्बाईडच्या आवारातला कचरा तर तीन दशकांहून अधिक काळ भट्टी शोधत फिरला. २०११ मध्ये तो नागपूरजवळ बोरखेडीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचा विचार पुढे आला. विदर्भातून विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि तो बेत बारगळला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला त्यातला १० टन कचरा चाचणी म्हणून जाळला गेला. उरलेला ३३७ टन २०२५ च्या जानेवारीत तिथे पोहोचला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिलीत ताशी १३५ किलो, दुसरीत १८०, तिसरीत २७०. जूनअखेर सगळा जाळून झाला. वेग वाढवत नेत प्रत्येक पायरीवर धूर मोजायचा, हाच अशा चाचणीचा, ट्रायल बर्नचा, गाभा. पण पिथमपूरच्या लोकांची अस्वस्थता मला पटते. आकडा मर्यादेत आहे असं सांगितलं गेलं, आकडा कसा निघतो ते फार थोड्यांनी समजावलं.

जो दिवस मोजला नाही

या मोजमापाचा मी आदर करतो, म्हणून त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. कार्बन मोनॉक्साईड, धूळ, हायड्रोजन क्लोराईड हे पदार्थ चिमणीवरची यंत्रं चोवीस तास मोजत राहतात. मोठ्या प्रदूषक उद्योगांना आणि सामायिक भट्ट्यांना ती बसवण्याचे आदेश २०१४ मध्ये निघाले. डायॉक्सिनला तसं यंत्र नाही. वर्षातून मोजक्या वेळा माणसं चिमणीवर चढतात, काही तासांचा धूर घेतात, आणि तो नमुना मोजक्याच प्रयोगशाळांपैकी एखाद्या ठिकाणी जातो. उरलेले दिवस त्या काही तासांच्या भरवशावर.

तो भरवसा किती ताणायचा? बेल्जियममध्ये एका नगर कचरा भट्टीवर द फ्रे आणि वेवर्स यांनी सहा तासांचे नेहमीचे नमुने आणि पंधरवडाभर सतत घेतलेले नमुने शेजारी ठेवले. १९९८ मध्ये त्यांनी सांगितलं की सहा तासांचा नमुना खरं उत्सर्जन ३० ते ५० पटींनी कमी दाखवत होता. भट्टी पेटवताना, विझवताना, कचरा अचानक बदलताना जे होतं ते नियोजित दिवशी होत नाही. त्यानंतर बेल्जियममध्ये रेझिनची कुपी चिमणीवर सतत लावून दर पंधरवड्याला बदलण्याची पद्धत सक्तीची झाली. तळोजा असो, रांजणगाव असो की बुटीबोरी, घातक कचरा जाळणाऱ्या प्रत्येक चिमणीवर अशी कुपी हवी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी नवा शोध लावायचा नाही. ट्रेनचा तोच डबा, फक्त जास्त वेळ थांबलेला.

दुसरी मर्यादा आपल्या वाचनाची. अहवालात लिहिलेला आकडा आणि तुलनेचा आकडा यांत ऑक्सिजनचा एक रकाना असतो. चिमणीत बाहेरची हवा मिसळली की धूर पातळ होतो आणि प्रदूषण कमी भासतं. म्हणून नियम सांगतो की आकडा ११ टक्के ऑक्सिजनला आणून पाहा. समजा प्रत्यक्ष ०.०६ मिळाला, मर्यादेच्या आत. पण त्या वेळी ऑक्सिजन १६ टक्के होता. २१ मधून ११ वजा केले, १०. २१ मधून १६ वजा केले, ५. दहा भागिले पाच, दोन. ०.०६ चे झाले ०.१२, मर्यादेबाहेर. चौथीच्या मुलाला जमेल एवढं गणित, पण त्यावर निकाल फिरतो.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात घरामागच्या पिंपात कचरा जाळून त्याचा धूर मोजला. रोज कचरा जाळणारी २ ते ४० घरं मिळून दिवसाला २०० टन जाळणाऱ्या आधुनिक नगर भट्टीएवढं डायॉक्सिन सोडू शकतात, असा निष्कर्ष निघाला. कारण साधं आहे. पिंपाला अकराशे अंश नसतात, दोन सेकंद नसतात, फवारा नसतो. धूर त्या २०० ते ४०० च्या पट्ट्यात आरामात रेंगाळतो. आजी वायरीची आवरणं राबातून उपसून बाहेर फेकायची तेव्हा तिला यातलं काही माहीत नव्हतं. वायरीच्या आवरणात क्लोरिन असतो आणि आत तांबं, डायॉक्सिनला हवी ती दोन्ही. तिच्या नाकाने ते बरोबर ओळखलं होतं. त्या एका बाबतीत तिचं साधन एक्सएडीच्या दाण्यांच्या आधी पोहोचलं होतं.

डोंगरापलीकडच्या चिमणीसाठी मात्र ते नाक पुरत नाही, आणि म्हणून तिथला आकडा आमच्यापर्यंत पोहोचायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर कारखान्यांच्या गेटबाहेर घातक कचऱ्याची माहिती देणारे फलक लागले. त्यावर डायॉक्सिनचा शेवटचा निकाल, त्याची तारीख आणि तो कसा वाचायचा हे साध्या मराठीत लिहिता येईल. जनसुनावणीला जाणाऱ्याने ‘धूर मर्यादेत आहे का’ एवढंच विचारून बसू नये. तीन प्रश्न विचारावेत. नमुना घेतला तेव्हा ऑक्सिजन किती टक्के होता? त्या तासांत भट्टीत नेमका कोणता कचरा किती पडला, आणि तो नेहमीसारखाच होता का? रिकाम्या नळीत काय सापडलं?

हे विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. राब पेटवण्याआधी वारा कुठून येतोय ते विचारणाऱ्यांची ही गावं आहेत. कवळ ओला आहे का, थरात काय घातलंय, कुठल्या टोकाने पेटवलंय, हे आजी प्रत्येक वर्षी विचारायची आणि उत्तर पटलं नाही तर काडी लावू द्यायची नाही.